आडनाव कुणी विचारलंच नाही

परवा वरची खोली बघायला एक मुलगी आली. दवाखान्यात नर्स, एकटीच राहणार. मी पहिलाच प्रश्न केला, ‘‘आडनाव काय गं तुझं?’’ तिचा चेहरा उतरला आणि माझी मलाच लाज वाटली. कारण मी वाढले ती कामठीच्या छावणीत!

नागपूरजवळच्या कामठीला ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’चं केंद्र आहे. १९४९ साली उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटमध्ये जात, धर्म, प्रांत न पाहता देशभरातले जवान एकत्र घेतले गेले. बाबा तिथे हवालदार. आमच्या क्वार्टरच्या डावीकडे केरळच्या आंटी, उजवीकडे पंजाबी चाची, समोर आसामचं कुटुंब. आई साताऱ्याची. ‘‘भाजी चिरके रखी है,’’ असं तिचं हिंदी! पण कुणाचं काही अडलं नाही. ओणमचं पायसम, ईदचा शीरखुर्मा, संक्रांतीचा तिळगूळ रांगभर फिरायचा. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च एकाच ‘सर्वधर्म स्थळा’त.

१९९९ साली कारगिलचं युद्ध पेटलं, तेव्हा मी बारावीत होते. बाबांसारखेच शेजारचे अंकलही सीमेकडे गेलेले. पत्त्यावर नुसतं ‘५६ एपीओ’. माणूस नेमका कुठे आहे, ते कळायचं नाही. केरळच्या आंटींना तीन आठवडे पत्र नव्हतं. आई रोज रात्री अंथरूण घेऊन त्यांच्याकडे झोपायला जायची. शेवटी पत्र आलं. आंटींनी ते मोठ्याने वाचलं. मल्याळममधलं एक अक्षर कुणाला कळलं नाही, पण सगळ्या बायका रडल्या.

सगळं गोडच होतं, असं नाही हं. नळावर भांडणं व्हायची. बदली झाली की जिवाभावाची मैत्रीण कायमची दुरावायची. पण माहेर लांब, सासर लांब, नवरा सीमेवर. रात्री दार ठोठवायला शेजारीणच असायची. तिची जात विचारत कोण बसणार? इथे गावात आपल्याला ‘आपली माणसं’ आहेत, म्हणून असले प्रश्न सुचतात. त्या एकट्या पोरीला कोण आहे?

संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, ‘‘खोली तुझीच. मघाशी चुकलंच माझं.’’ जरा वेळ ती गप्पच. मग म्हणाली, ‘‘काकू, आज तिसऱ्या घरी हाच प्रश्न ऐकला.’’

येत्या एक तारखेला ती राहायला येतेय. मैत्रिणींनो, तुमच्याकडे अशी कुणी आली, तर आधी चहाचं विचारा.