रोलर कोस्टरचा लूप गोल का नसतो?

12, 6 आणि साडेतीन. रोलर कोस्टरच्या उभ्या लूपची गोष्ट या तीन आकड्यांत आहे. पहिला आकडा इतिहासाने दिला, दुसरा गणिताने, तिसरा आकाराने.

एकक आहे 'जी'. जमिनीवर स्वस्थ उभं असताना आपल्या अंगावर 1 जी असतो. 6 जी झाला की 60 किलोच्या माणसाला आपलं वजन 360 किलो झाल्यासारखं वाटतं. पाच किलोचं डोकं मानेला 30 किलोचं लागतं.

1895 : बारा

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, सी लायन पार्कमध्ये, 1895 साली 'फ्लिप फ्लॅप रेल्वे' सुरू झाली. लूप अगदी गोल, व्यास 25 फूट, म्हणजे जेमतेम 7.6 मीटर. त्यात बसणारा झटका 12 जीच्या घरात होता असं मानलं जातं. बसणाऱ्यांच्या माना दुखावू लागल्या. 1902 नंतर पार्कही उरलं नाही आणि ही गाडीही. कोनी आयलंडवरच 1901 साली आलेल्या 'लूप द लूप'ने लंबगोल आकार घेतला. त्रास कमी झाला, पण एका गाडीत चारच माणसं बसत, त्यामुळे उत्पन्नाचं गणित जुळेना. त्यानंतर कित्येक दशकं उभ्या लूपच्या वाटेला फारसं कोणी गेलं नाही.

वर्तुळाचा हिशेब : सहा

पाण्याची बादली हाताने उभी गरगर फिरवून पाहा. डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही, पण खाली येताना खांद्याला जोराचा हिसका बसतो. लूपमध्ये हेच घडतं.

घर्षण बाजूला ठेवून 10 मीटर त्रिज्येचा गोल लूप घेऊ. माथ्यावर माणूस आसनातून सुटू नये म्हणून ताशी किमान 36 किलोमीटर वेग हवा. तिथून 20 मीटर खाली येईपर्यंत तो 80 होतो. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागलं की वळणाचा जोर कळतो : तळाशी 5 जी. त्यात नेहमीचं वजन, 1 जी. एकूण 6.

मग लूप मोठा केला तर? त्रिज्या दुप्पट केली की लागणाऱ्या वेगाचा वर्गही दुप्पट होतो. भागाकार तोच, उत्तर पुन्हा 6. लूप 5 मीटरचा असो की 50 मीटरचा, वर्तुळ आहे तोवर सहाच्या खाली उतरता येत नाही.

1976 : साडेतीनची वाट

मे 1976 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या मॅजिक माउंटन पार्कमध्ये 'रिव्होल्यूशन' सुरू झाली. आधुनिक पोलादी कोस्टरवरचा हा पहिला उभा लूप. बांधणी जर्मनीच्या अँटोन श्वार्त्सकोफ यांची, आकडेमोड वेर्नर श्टेंगल यांची. त्यांनी वर्तुळ सोडलं आणि क्लोथॉइड वक्राचा आधार घेतला. हा वक्र सुरुवातीला जवळजवळ सरळ असतो आणि पुढे पुढे आवळत जातो. गणितज्ञ ऑयलर यांनी अठराव्या शतकातच त्याचा अभ्यास केला होता. आगगाडी सरळ रुळावरून वळणात शिरताना प्रवासी कलंडत नाहीत, तेही अशाच वक्रामुळे.

आता वरचाच 20 मीटर उंचीचा लूप थेंबासारखा करू : माथ्याशी त्रिज्या 6 मीटर, तळाशी 18.

- माथ्यावरचा किमान वेग : ताशी 28 किलोमीटर (वर्तुळात 36)
- तळाचा वेग : ताशी 76 किलोमीटर (वर्तुळात 80)
- तळाचा जोर : सुमारे 3.5 जी (वर्तुळात 6)

उंची तीच, तळाच्या वेगात जेमतेम चार किलोमीटरचा फरक, पण 60 किलोच्या माणसावरचा भार 360 किलोंवरून 210 वर येतो. जिथे वेग जास्त तिथे वळण सैल, जिथे वेग कमी तिथे घट्ट, एवढ्यानेच हे साधलं.

खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कमध्ये 'नायट्रो' कोस्टरच्या रांगेत उभे राहाल तेव्हा लूपकडे बाजूने बघा. वर निमुळता, खाली पसरट. खांद्यावरचा पट्टा आपल्याला जागेवर धरून ठेवतो, पण आपली मान सांभाळतो तो हा आकार.