हयातीच्या दाखल्याबरोबर दृष्टीचाही दाखला

जवळचे वाचण्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला मराठीत 'चाळिशी' म्हणतात. आपल्या समाजातील गुजराती बोलणाऱ्या घरांत त्यालाच 'बेताळां' म्हणतात, म्हणजे बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास येणारे. दोन भाषांनी दोन वर्षांच्या फरकाने एकच निरीक्षण नोंदवून ठेवले आहे. या वयात डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होते, वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते आणि सुईत दोरा ओवण्यासाठी नातवंडांना हाक मारावी लागते. मग आपण चष्म्याच्या दुकानात जातो, नंबर काढून घेतो आणि अक्षर स्वच्छ दिसू लागले की डोळ्यांचा विषय संपला असे मानतो. वास्तविक तो विषय तेथूनच सुरू व्हावयास हवा.

दात दुखला की आपण दंतवैद्याकडे जातो, गुडघा दुखला की अस्थितज्ज्ञाकडे. डोळ्यांच्या बाबतीतही आपण हाच नियम लावतो. डोळा लाल झाला, टोचू लागला, त्यातून पाणी आले, तरच तो दाखवायचा. परंतु गंमत अशी, की दुखणारे बहुतेक नेत्रविकार थोड्या औषधाने बरे होतात आणि दृष्टी हिरावून नेणारे बहुतेक विकार मुळीच दुखत नाहीत. मोतीबिंदू दुखत नाही. काचबिंदूचा सर्वसाधारण प्रकार दुखत नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याची होणारी हानी दुखत नाही. लहान मुलाचा 'आळशी डोळा' तर त्या मुलालाही ठाऊक नसतो. म्हणून नेत्रतपासणी वेदनेवर नव्हे, दिनदर्शिकेवर ठरवावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दृष्टीविषयक पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना कोणता ना कोणता दृष्टिदोष आहे आणि त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर उपचार व्हावयाचे राहिले आहेत. उपाय उपलब्ध असूनही वेळेवर न पोहोचल्यामुळे झालेली ही हानी आहे.

नोव्हेंबरची रांग

बँकेतील सेवाकाळात नोव्हेंबर महिना माझ्या दृष्टीने निवृत्तिवेतनधारकांचा असे. हयातीचा दाखला देण्यासाठी ज्येष्ठांची रांग लागे. ती रांग वर्षानुवर्षे पाहताना काही गोष्टी ध्यानात येऊ लागल्या. एखाद्या आजोबांची सही चौकट सोडून खाली उतरलेली असे. त्यांचा हात थरथरत नसे, त्यांना चौकटच नीट दिसत नसे. एखाद्या आजी नोटा समोर ठेवून म्हणत, "बाबा, तूच मोजून घे." त्या वाक्यात विश्वास असे, पण पुष्कळदा शंभराची आणि पाचशेची नोट वेगळी न ओळखता येण्याची अडचणही असे.

एक गृहस्थ मात्र अर्ज झरझर वाचीत. त्यांचे चिरंजीव अभिमानाने सांगत, "वडिलांची नजर उत्तम आहे." तरीही प्रत्येक वेळी ते बाजूच्या खुर्चीला अडखळत आणि काउंटरच्या कडेला ठेवलेले पेन त्यांच्या हाताच्या धक्क्याने खाली पडे. दोन वर्षांनी ते मुलाचा हात धरून आले. काचबिंदू पुष्कळ पुढे गेल्यावर लक्षात आला होता. एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि दुसऱ्याचे क्षेत्र बोगद्यासारखे अरुंद झाले होते. मुलाने पुढे सांगितले, की डॉक्टरांनी रक्ताच्या सर्व नातेवाइकांना तपासून घेण्यास सांगितले, तेव्हा धाकट्या काकांनाही तोच विकार असल्याचे आढळले. पण तो आरंभीच्या अवस्थेत सापडला. ते काका रोज थेंब घालतात आणि आपले व्यवहार स्वतः पाहतात. एकाच घरातील दोन सख्खे भाऊ, एकच व्याधी आणि दोन निराळी भवितव्ये. अंतर पडले ते केवळ तपासणीच्या तारखेमुळे.

परत मिळणारे आणि न मिळणारे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला वसूल होणारे येणे आणि बुडीत येणे यांतील फरक प्रथम शिकवतात. डोळ्यांच्या विकारांतही हा फरक प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा.

मोतीबिंदू हे वसूल होणारे येणे आहे. डोळ्यातील भिंग वयोमानाने गढूळ होते, प्रकाश आत पोहोचत नाही आणि सर्व काही धुरकट दिसते. सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. गढूळ भिंग सुईसारख्या शस्त्राने बाजूस सारण्याची ती रीत होती. आधुनिक उपचाराला वळण मिळाले ते १९४९ मध्ये. लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी त्या वर्षी प्रथमच मानवी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या आच्छादनाच्या प्लास्टिकचे तुकडे शिरत, पण डोळा त्यांना फारसा विरोध करीत नसे, या निरीक्षणातून त्यांना ही कल्पना सुचली होती. आज ही शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी परततो.

तरीही 'मोतीबिंदू अजून पिकला नाही' हे वाक्य आपल्या घरांत ऐकू येते. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत भिंग घट्ट होण्याची वाट पाहिली जात असे. आता तशी आवश्यकता नाही. दैनंदिन कामांत अडथळा येऊ लागला, की डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा. फार थांबल्यास शस्त्रक्रिया अवघड होते. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही, हेही ध्यानात असावे.

खर्चाची चिंता असणाऱ्यांसाठीही मार्ग आहेत. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून चालू आहे. त्याच वर्षी डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या ५८ व्या वर्षी, मदुराईत अवघ्या ११ खाटांवर 'अरविंद' नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर विनामूल्य किंवा अल्पमूल्य उपचार करणारी ही संस्था व्यवस्थापनाच्या अभ्यासाचा विषय झाली आहे. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तात्याराव लहाने यांनी ग्रामीण भागांत शिबिरे घेऊन हेच कार्य केले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

काचबिंदू हे मात्र बुडीत येणे आहे. यात बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू सुकते. प्रथम कडेची दृष्टी जाते आणि समोरची शेवटपर्यंत टिकते. म्हणूनच वर सांगितलेले गृहस्थ वाचू शकत होते आणि अडखळतही होते. गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही, उरलेली मात्र औषधाने जपता येते. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असल्यास चाळिशीनंतर तपासणीत टाळाटाळ करू नये. केवळ चष्म्याचा नंबर काढून हा विकार कळत नाही. डोळ्याचा दाब, दृष्टीची नस आणि दृष्टिक्षेत्र यांची तपासणी करावी लागते. आणखी एक सूचना अशी, की डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणू नयेत. त्यांत स्टिरॉइड असल्यास दीर्घ वापराने दाब वाढतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो.

मधुमेह असलेल्यांसाठी

व्यापारी समाजात बैठे काम आणि गोडाधोडाची हौस यांमुळे मधुमेहाशी परिचय नसलेले घर विरळा. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की डोळ्याच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, झिरपतात आणि पुढे रक्तस्राव होतो. आरंभी दृष्टी पूर्ण चांगली असते, म्हणून रुग्ण निश्चिंत राहतो. प्रौढ वयात मधुमेहाचे निदान झाल्याबरोबर आणि त्यानंतर सामान्यतः दर वर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी. त्या थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते. म्हणून सोबत कोणीतरी न्यावे आणि स्वतः वाहन चालवू नये.

मुलांची नजर

मेंदू पाहण्यास शिकतो तो बालपणात. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून आलेले चित्र वापरणे सोडून देतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास यश मिळण्याची शक्यता अधिक, नंतर ती कमी होत जाते. तिरळेपणा भाग्याचा मानण्याची समजूत म्हणूनच घातक आहे. शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक बालकाचा प्रत्येक डोळा स्वतंत्र झाकून तपासून घ्यावा. मूल फळ्यावरचे उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत पाहते, दूरदर्शन संचाच्या अगदी जवळ बसते किंवा डोळे बारीक करते, ही लक्षणे हट्टाची नसून दोषाची असू शकतात.

लांबचे न दिसण्याचा दोष मुलांत वाढतो आहे. रोज सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात घालवणाऱ्या मुलांत तो कमी आढळतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. तेव्हा मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा नातवंडांना मैदानावर नेणे अधिक फलदायी. मोठ्यांनीही संगणकावर दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. मुलीला चष्मा लागला तर लग्नात अडचण येईल, या भीतीने तो लपवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आपला आहार, आपले उपवास

डोळ्यांसाठी गाजर खावे, असे सर्वत्र सांगितले जाते. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांनी त्याची चिंता करू नये. 'अ' जीवनसत्त्व देणारे घटक पिकलेली पपई, आंबा, लाल भोपळा, शेवग्याची पाने, माठ, मेथी यांत भरपूर असतात. दूध-तुपातूनही हे जीवनसत्त्व मिळते. हिरव्या भाज्या वर्ज्य असलेल्या तिथींना बाकीचे दिवस भरून काढता येतात. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबत शोषले जात असल्याने भाजीला थोडे तेल-तूप असावे. मात्र आहाराने नंबर उतरत नाही, की मोतीबिंदू जात नाही.

तपश्चर्येच्या काळात एक प्रश्न घरोघरी निर्माण होतो. काचबिंदूचे थेंब उपवासात घालावेत की नाहीत? ते बंद केल्यास दाब पुन्हा वाढतो आणि होणारी हानी भरून येत नाही. म्हणून पचक्खाण घेण्यापूर्वीच गुरुमहाराजांना आपली व्याधी सांगावी आणि डॉक्टरांशीही बोलावे. मधुमेहाच्या औषधांबाबतही हेच करावे.

धान्य निवडताना सुनेने टिपलेली अळी सासूबाईंना दिसत नसेल, तर तो वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. पाहून पाऊल टाकावे, पाहून अन्न शिजवावे, हे ज्या घराचे संस्कार आहेत, त्या घराला डोळ्यांची काळजी वेगळी शिकवण्याची गरज नसावी.

थांबू नये असे प्रसंग

अचानक दृष्टी गेली, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे झाले, विजा चमकल्यासारखे दिसून काळे ठिपके एकाएकी वाढले, किंवा तीव्र वेदनेसह उलटी होऊन दिव्याभोवती वलये दिसू लागली, तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे. डोळ्यात चुना किंवा रसायन गेल्यास प्रथम भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि मगच निघावे. तूप, मध, गुलाबपाणी असे काहीही घालू नये.

देऊन जाण्यासारखे

पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक भागाच्या विकाराने अंध झालेल्यांना नेत्रदानातून दृष्टी मिळू शकते. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. चष्मा असलेले, मधुमेही आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेलेही नेत्रदान करू शकतात. काही संसर्गजन्य व्याधींत ते स्वीकारले जात नाही. मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर, ६ तासांच्या आत, नेत्रपेढीचे पथक पोहोचावे लागते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. संमती नातेवाइकांनी द्यावयाची असल्याने आपली इच्छा आजच घरात सांगून ठेवणे हे प्रतिज्ञापत्रापेक्षा अधिक उपयोगी.

कुटुंबासाठी साधे वेळापत्रक असे असावे: बालकांची शाळेत जाण्यापूर्वी आणि पुढे दरवर्षी, चाळिशीनंतर प्रत्येकाची दर दोन वर्षांनी, साठीनंतर आणि मधुमेहींची दरवर्षी. घरात काचबिंदू असल्यास डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठ मंडळी हयातीचा दाखला देण्यासाठी निघतातच. त्याच आठवड्यात त्यांना नेत्रतज्ज्ञांकडेही न्यावे आणि सोबत आलेल्या मुलानेही आपले डोळे तपासून घ्यावेत. बँकेला आपण हयात आहोत एवढे कळले की पुरते. घरातल्यांना मात्र आपण त्यांचे चेहरे ओळखत, आपल्या नोटा स्वतः मोजत आणि आपली सही चौकटीत करत हयात असावे असे वाटते.