घरगुती कीडनियंत्रण : परवाना आणि विषाची मर्यादा

घरातील उपद्रवी कीटकांचा नाश करणे हे वरवर पाहता किरकोळ काम वाटते. ढेकूण, झुरळे किंवा वाळवी यांचा त्रास असह्य झाला की पेस्ट कंट्रोलवाल्यास बोलवावे, ठरलेली रक्कम द्यावी आणि काही तास घराबाहेर राहावे, एवढ्यावर सामान्य गृहस्थाचा विचार थांबतो. परंतु या व्यवहारात जे द्रव्य घरात आणले जाते ते विष असते. ते हाताळणाऱ्याची पात्रता कोणती व त्या विषाचे स्वरूप काय, हे दोन प्रश्न म्हणूनच किमतीच्या प्रश्नाआधी विचारले गेले पाहिजेत.

या विषयासंबंधीचा भारतीय कायदा एका दुर्घटनेतून उद्भवला. १९५८ साली परॅथिऑन हे कीटकनाशक जहाजातून खाद्यपदार्थांसमवेत नेले गेल्याने गव्हाचे पीठ दूषित झाले, आणि ते खाऊन केरळात शंभराच्या आसपास माणसे दगावली. पुढे चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक अधिनियम संमत झाला व त्याखालील नियम १९७१ मध्ये अमलात आले. या नियमांनुसार कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यास राज्यातील परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी कृषी विषयातील, अथवा रसायनशास्त्रासह विज्ञान विषयातील पदवी आणि मान्य संस्थेतील प्रशिक्षण अपेक्षित आहे. परवाना म्हणजे केवळ कर भरल्याची पावती नव्हे. विषाची मात्रा, मिश्रण व प्रतिबंधक उपाय यांचे ज्ञान असल्याची ती खूण होय.

वेष्टनावरील त्रिकोण

कीटकनाशकाच्या वेष्टनावर चौकोनात रंगीत त्रिकोण छापलेला असतो. त्याचा आधार प्रयोगातील प्राण्यांपैकी निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा हा आहे. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास तोंडावाटे १ ते ५० मिलिग्रॅम एवढी ही मात्रा असल्यास त्रिकोण लाल. ५१ ते ५०० असल्यास पिवळा. ५०१ ते ५००० असल्यास निळा. आणि त्याहून अधिक असल्यास हिरवा. मात्रा जितकी अल्प तितके विष तीव्र, हे येथे ध्यानात ठेवावे. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. द्रव्याची तीव्रता आणि शरीराशी येणारा त्याचा संपर्क या दोहोंवर धोका अवलंबून असतो. बंद खोलीत वारंवार फवारलेले सौम्य द्रव्यही रांगणाऱ्या मुलास अपायकारक होऊ शकते.

विषांचे कार्य

ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील द्रव्ये मज्जातंतूंच्या संदेशवहनास आवश्यक असलेले कोलिनएस्टरेज हे वितंचक निष्क्रिय करतात. माणसाच्या शरीरातही हेच वितंचक असल्याने लाळ सुटणे, घाम येणे, बाहुल्या आकुंचित होणे व श्वास कोंडणे ही लक्षणे उद्भवतात. या वर्गातील डायक्लोरव्हॉस पूर्वी घरोघरी वापरले जाई. त्याच्या वापरावर २०२० च्या अखेरीपासून भारतात बंदी आहे. पायरेथ्रॉइड द्रव्ये शेवंतीवर्गीय फुलांतील पायरेथ्रिनच्या धर्तीवर तयार केली जातात. माणसास ती तुलनेने कमी घातक, परंतु माशांना अत्यंत मारक असतात. त्यांपैकी परमेथ्रिन मांजरांनाही बाधते.

सर्वांत भयावह द्रव्य म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. धान्याच्या कोठारातील धुरीसाठी असलेल्या या गोळ्यांचा हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन फॉस्फिन वायू निर्माण होतो. तो भिंतींतील भेगांतून, नळांभोवतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत शिरतो, आणि त्यावर कोणताही विशिष्ट उतारा नाही. म्हणूनच या गोळ्यांची विक्री शासकीय संस्था व पात्र कीडनियंत्रक यांच्यापुरती आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मर्यादित केलेली आहे. राहत्या घरात, विशेषतः चाळीत वा सदनिकांत, ढेकणांसाठी या गोळ्या ठेवू देणे म्हणजे शेजारी झोपलेल्या कुटुंबाचा जीव पणास लावणे होय.

गृहस्थाने काय पाहावे

काम सुरू होण्यापूर्वी परवाना व त्याची मुदत पाहावी. द्रव्याचे नाव, त्रिकोणाचा रंग, मिश्रणाचे प्रमाण आणि घरात परतण्यापूर्वी किती काळ थांबावयाचे, हे लेखी घ्यावे. निनावी बाटलीतून आणलेले मिश्रण निक्षून नाकारावे. अन्न, भांडी, पाण्याचे माठ व मुलांची खेळणी बाहेर न्यावीत. मत्स्यपात्र हलवावे व परतल्यावर खिडक्या उघडाव्यात. झुरळांसाठी संपूर्ण घर फवारण्याऐवजी फटींत लावावयाचे जेलस्वरूपी आमिष पुष्कळदा पुरेसे ठरते. रिकामे डबे धुऊन पुन्हा वापरू नयेत.

विषबाधेची शंका आल्यास रुग्णास मोकळ्या हवेत आणावे, दूषित कपडे काढून त्वचा साबण व पाण्याने धुवावी, उलटी मुद्दाम करवू नये, आणि वेष्टन बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. उताऱ्याची सूचना त्यावर छापलेली असते.

ओल, उघडे अन्न व भिंतींतील भेगा हेच कीटकांचे खरे आश्रयस्थान होय. ते नाहीसे केल्याखेरीज कोणतेही विष कायमचा उपाय ठरत नाही. आणि ते नाहीसे केल्यास विषाची गरजही पुष्कळ कमी होते.