कारखाना बंद झाल्यावर कामगाराला मिळणारी मदत: कारण की नोंद?

प्रास्ताविक

उत्पादन परदेशात हलवले, स्वस्त आयातीमुळे मागणी घटली किंवा मालक कर्जात बुडाला, तरी कामगाराच्या घरी परिणाम एकच होतो: पगार थांबतो. अशा वेळी शासनाची मदत दोन वेगळ्या प्रश्नांवर आधारता येते. काम *का* गेले, हा पहिला प्रश्न. कामगाराची *नोंद* कोठे आहे, हा दुसरा. भारताने मुख्यतः दुसरा प्रश्न निवडला आहे. त्याचे परिणाम आपण छत्तीसगडमधील उदाहरणांवरून पाहू.

1. कारणावर आधारित मदत

अमेरिकेत 1962 च्या व्यापार कायद्याने आयातीमुळे काम गमावलेल्यांसाठी स्वतंत्र मदत सुरू झाली. प्रशिक्षण आणि प्रशिक्षणकाळात भत्ता, असे तिचे स्वरूप होते. मात्र रोजगार व्यापारामुळेच गेला, हे सिद्ध करावे लागे. अटी इतक्या कडक होत्या की 1969 पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. 1974 मध्ये अटी सैल केल्या गेल्या. पुढे उत्पादन परदेशी हलवल्याची प्रकरणेही तीत आली. जुलै 2022 पासून नव्या अर्जांची मंजुरी थांबली.

2. भारतातील चौकट

भारतात परदेशी गेलेल्या उत्पादनासाठी वेगळी योजना नाही. मदतीचे तीन थर आहेत.

*(अ) मालकाची जबाबदारी.* औद्योगिक विवाद कायदा, 1947 नुसार कामगार कपात करताना एक महिन्याची नोटीस (किंवा तितके वेतन) आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये हे सूत्र कायम आहे. कारखाना बंद झाल्यासही भरपाई देय असते. केवळ आर्थिक तोटा किंवा न विकलेल्या मालाचा साठा ही ‘अपरिहार्य परिस्थिती’ मानली जात नाही. त्यामुळे ती सबब पुढे करून मालकाला भरपाई कमी करता येत नाही. 300 किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा 100 होती.

*(आ) विमा.* कर्मचारी राज्य विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 1 एप्रिल 2005 पासून आहे. कारखाना बंद झाल्याने किंवा कपातीमुळे काम गेलेल्या विमाधारकाला पहिले 12 महिने सरासरी दैनिक वेतनाच्या 50 टक्के आणि पुढील 12 महिने 25 टक्के भत्ता मिळतो.

*(इ) प्रशिक्षण.* नव्या संहितेनुसार कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने 15 दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे असते. ही रक्कम 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी लागते.

3. उदाहरण

समजा, रायपूरजवळच्या उरला औद्योगिक क्षेत्रातील एका रोलिंग मिलमध्ये दहा वर्षे कायम असलेल्या कामगाराचे सरासरी दैनिक वेतन 600 रुपये आहे. भरपाई: 15 × 600 × 10 = 90,000 रुपये. विमा भत्ता: पहिल्या वर्षी 300 × 365 = 1,09,500 रुपये आणि दुसऱ्या वर्षी 150 × 365 = 54,750 रुपये. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी वेगळे.

आता त्याच यंत्रावर काम करणाऱ्या, पण ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराचा विचार करा. ठेकेदार बदलला की कागदावर सेवा नव्याने सुरू होते. एका वर्षाची सलग सेवा (सर्वसाधारणपणे 12 महिन्यांत 240 दिवस) दाखवता आली नाही तर भरपाई नाही. विम्याची वर्गणी भरलेली नसेल तर भत्ताही नाही. दोघांचे काम एकाच दिवशी, एकाच कारणाने गेले, पण दुसऱ्याच्या हाती काहीच पडले नाही.

राजीनाम्याचेही तसेच. ‘हिशेब लवकर मिळेल’ असे सांगून राजीनाम्यावर सही घेतली, तर कायद्याच्या दृष्टीने ती कपात ठरत नाही. स्वेच्छेने काम सोडणाऱ्याला वरील भत्ता मिळत नाही.

4. राजनांदगाव: मालक कोण, यावर मदत

रायपूरच्या पश्चिमेला राजनांदगाव येथील बंगाल नागपूर कॉटन मिल ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची गिरणी. 1974 मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 2002 मध्ये ती बंद पडली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या बंद गिरण्यांतील कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना होती. खासगी गिरण्यांसाठी मात्र 1986 पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी होता. त्यातून पात्र कामगारांना तीन वर्षे अनुक्रमे 75, 50 आणि 25 टक्के वेतनाइतके साहाय्य मिळे. धंदा एक, संकट एक. पण मस्टर कोणाचे, यावर मदत ठरली.

निष्कर्ष

कारण सिद्ध करण्याच्या ओझ्यातून भारतीय पद्धत कामगाराला सोडवते. तोट्यामुळे कारखाना बंद झाला की उत्पादन परदेशी गेले, हे त्याला शोधावे लागत नाही. पण त्या जागी नोंद सिद्ध करण्याचे ओझे येते. म्हणून नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी आणि विमा क्रमांक हीच कामगाराची खरी पुंजी आहे. ती काम सुरू असतानाच जमवावी लागते.

स्वाध्याय

1. कारणावर आणि नोंदीवर आधारित मदतीचा प्रत्येकी एक गुण व एक दोष लिहा.
2. ठेकेदार बदलला तरी सेवा सलग धरावी का? सकारण उत्तर द्या.