घराभोंवतीच्या वृद्ध झाडांची निगा

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे सावंतवाडी शहरांत व त्यास लागून असलेल्या कोलगांव, माजगांव, चराठें ह्या गांवांत झाडें तोडणाऱ्यांस एकाएकीं मागणी येते. वर्षभर ज्या आंब्याफणसाकडे कोणी मान वर करून पाहिलें नाहीं, तोच आतां कौलांवर येईल अशी धास्ती घरांतील मंडळींस वाटूं लागते. ही धास्ती अगदींच निराधार नव्हे. सन २०२१ च्या मे महिन्यांत १६ तारखेस तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां घरांवर, गोठ्यांवर व विजेच्या तारांवर पडलेलीं झाडें पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. परंतु अशा वादळानंतर भीतीच्या भरांत निरोगी झाडावरही करवत चालते, आणि खरोखर पोखरलेलें झाड वरून हिरवें दिसतें म्हणून तसेंच उभें राहतें. यास्तव कोणतें झाड राखावें, कसें राखावें आणि कोणतें उतरवावें, ह्याचा विचार पावसाच्या पुष्कळ आधीं व शांतपणें व्हावा हें बरें.

एके काळीं हीं झाडें वाडींत होतीं. आज तीं अंगणांत आलीं आहेत. झाड जागचें हललें नाहीं, घरच त्याच्यापाशीं आलें. आजोबापणजोबांनीं लाविलेला रायवळ, बरक्या फणसाचा जुना बुंधा, मागच्या दारचा रातांबा, क्वचित् एखादी सुरंगी, आणि ज्याच्या लांकडावर सावंतवाडीचीं रंगीत खेळणीं इतकीं वर्षें होत आलीं तो पांगारा, ह्यांच्या मधोमध आतां नवीं घरें उभीं राहत आहेत. अशा जागीं झाड वाळलें म्हणजे ‘त्याचें वय झालें’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. आमचें मत निराळें आहे. रायवळ आंबा शंभर वर्षांहून अधिक काळ सहज जगतो. घराजवळचें झाड बहुधा म्हातारपणानें मरत नाहीं. मुळांशीं झालेल्या दुखापतीनें मरतें, आणि ती दुखापत त्यास आपणच केलेली असते.

मुळांविषयीं आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. झाड जितकें उंच तितकीं मुळें खोल, असें मानतात. वस्तुतः अन्नपाणी शोषणारीं बहुतेक मुळें जमिनीच्या वरच्या दीडदोन फुटांत असतात व तीं फांद्यांच्या विस्ताराच्याही बाहेर जातात. आपल्या जांभ्या जमिनींत तर खालीं कातळ, वर थोडी माती. मूळ भेगांत शिरलें तर शिरलें, नाहीं तर आडवेंच पसरतें. ह्या मुळांस पाण्याइतकीच हवा लागते. अंगण सारखें करण्यासाठीं बुंध्याशीं हातभर मातीची भर घातली, किंवा खोडापर्यंत सिमेंटची फरसबंदी केली, म्हणजे मुळें गुदमरतात. झाड त्याच वर्षीं मरत नाहीं, म्हणून आपणांस कारण उमगत नाहीं. चारसहा वर्षांनीं शेंडा सुकूं लागतो, पालवी विरळ येते, आणि मग दोष वयास दिला जातो. खोड जमिनीपाशीं पसरट होत गेलेलें दिसलें पाहिजे. तें खांबासारखें सरळ मातींत घुसलेलें दिसलें तर भर पडली आहे असें समजावें आणि ती हळूहळू, मुळांस कुदळ न लावतां, काढून टाकावी. फरसबंदी हवीच असेल तर बुंध्याभोंवतीं जितकी मोकळी ठेववेल तितकी जागा मोकळी ठेवावी व तीवर पातेरा पसरावा. मात्र पातेऱ्याचा ढीग खोडाला टेकूं देऊं नये. तो पातेरा झाडाखालींच पेटवून देण्याची जी चाल आहे, तिच्यासारखें घातुक दुसरें कांहीं नाहीं; साल वरून काळी पडते इतकेंच आपणांस दिसतें, पण आंतला जिवंत थर भाजून निघालेला असतो.

दुसरी दुखापत गडग्याची. हद्दीवर चिऱ्यांचा गडगा घालतांना चर खणतात व आड येईल तें मूळ तोडतात. बांधकामाच्या वेळीं खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतरापर्यंत खणूं नये, असा इंग्लंडांत दंडक आहे. आपल्या पांचसहा गुंठ्यांच्या तुकड्यांत तो तंतोतंत पाळणें कठीण. परंतु एवढें तरी पाळावें कीं एकाच झाडाचीं दोन बाजूंचीं मुळें कधींही तोडूं नयेत, आणि पश्चिम व नैर्ऋत्य बाजूच्या मुळांस शक्यतों हात लावूं नये. आपला पावसाळी वारा त्याच दिशेनें येतो, व त्या बाजूचीं मुळें नौकेच्या दोरखंडाप्रमाणें झाडास ताणून धरतात. जाड मूळ आडवें आलें तर चर तेवढ्यापुरता थांबवून मुळावरून लांब चिरा टाकावा. गवंडी कुरकुरतो, पण काम होतें.

आतां छाटणी. अमेरिकेच्या वनखात्यांतील अलेक्स शिगो (१९३०–२००६) ह्या संशोधकानें हजारों खोडें उभीं चिरून पाहिलीं आणि असें दाखविलें कीं झाडाची जखम माणसाच्या जखमेप्रमाणें भरून येत नाहीं. झाड ती आंत कोंडून टाकतें आणि तिच्यावरून नवें लांकूड वाढवितें. हें कोंडण्याचें काम फांदीच्या मुळाशीं जो फुगीर वेढा असतो तेथून होतें. म्हणून फांदी त्या वेढ्याच्या लगत बाहेरून कापावी. खोडाशीं साफ सपाट करूं नये, तशीच हातभर खुंटीही ठेवूं नये. जड फांदी कापतांना प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालून चीर द्यावी, मग त्याच्या थोडें बाहेरून वरून कापून भार उतरवावा, आणि शेवटीं उरलेला तुकडा वेढ्याशीं काढावा. नाहीं तर पडती फांदी सालीची पट्टी खोडापर्यंत सोलून नेते. मोठ्या कापावर डांबर फांसूं नये, त्यानें आंतली कूज थांबत नाहीं. आंब्याच्या कापास एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना वेगवेगळे भिजवून दहा लिटर पाण्यांत केलेला बोर्डो मलम लावावा. भांडें लोखंडाचें नसावें.

संबंध शेंडा उडवून झाडाचें ‘मुंडण’ करणें हा तर शत्रुत्वाचा प्रकार होय. त्यानंतर जे धुमारे फुटतात ते सालीखालून वरवर धरलेले असतात. पुढें ते जाड झाले म्हणजे वाऱ्यानें तेच प्रथम मोडतात. भीतीपोटीं केलेली छाटणी अशा रीतीनें नवी भीती निर्माण करते. कोणी म्हणेल, दापोलीचें कृषि विद्यापीठच जुन्या हापुस बागांस छाटून नवें करण्यास सांगतें ना? सांगतें, परंतु तेथें पाऊस सरल्यावर, ऑक्टोबराच्या सुमारास, मालकाच्या देखरेखीखालीं छाटणी होते, फूट विरळ केली जाते, आणि हेतु फळाचा असतो. अंगणांतील शंभर वर्षांच्या रायवळाची तशी सेवा कोणी करीत नाहीं. फणसाचें फळ खोडाला व जुन्या फांद्यांना धरतें, आणि सुरंगीचीं फुलें जुन्या लांकडावर येतात. ह्या झाडांच्या जाड फांद्या उतरविणें म्हणजे उत्पन्नच उतरविणें. माडास तर खोडाची जखम कधींच झांकतां येत नाहीं. चढण्यासाठीं पाडलेली खांच जन्मभर राहते.

बांडगुळाविषयीं थोडक्यांत इतकेंच कीं त्याचीं फळें पिकण्याआधीं तें काढावें, कारण तीं खाऊन फुलटोच्यासारखे इवले पक्षी बीं दुसऱ्या फांदीवर नेऊन चिकटवितात. नुसतें ओढून उपयोग नाहीं. चिकटल्या जागेच्या वीतभर खालून फांदीच कापावी. बुंध्याशीं लांकडाचा भुसा दिसला तर भिरूड आंत आहे असें जाणून भोंकांत तारेचा आंकडा घालून अळी ओढून काढावी व भोंक चिखलानें लिंपावें.

पोकळ झाड म्हणजे पडणारें झाड, हीही समजूत पुरती खरी नाहीं. झाडाचें बळ बाहेरच्या कड्यांत असतें. निरोगी लांकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी झाली म्हणजे धोका वाढतो, असें जर्मनीच्या क्लाउस मॅटेक यांनीं मांडिलें आहे. लांकडी हातोड्यानें खोड सभोंवार ठोकून पाहिलें तर कान बरेंच सांगतो. ढोली सिमेंटानें भरूं नये. वाऱ्यांत झाड हलतें, सिमेंट हलत नाहीं, आणि मधल्या फटींत पाणी राहतें. ढोलींत धनेश किंवा पिंगळा राहत असेल तर त्यासही बिऱ्हाड राहूं द्यावें.

मात्र पावसानंतर बुंध्याशीं आळंब्यांचे कडक थर उगवूं लागले, वाऱ्याच्या बाजूची जमीन उचलून भेगाळली, किंवा पूर्वीं सरळ असलेलें झाड अलीकडे कललें, तर माया आवरावी व झाड उतरवावें; घरांत माणसें निजतात. त्यासही रीत आहे. नगरपरिषदेच्या हद्दींत १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा चालतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाड वारसा-वृक्ष ठरलें असून, तें तोडणाऱ्यानें त्याच्या वयाइतकीं नवीं झाडें लावावयाचीं आहेत. हद्दीबाहेर १९६४ चा कायदा असून आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ इत्यादि झाडांस वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कागद हलण्यास वेळ जातो, म्हणून अर्ज माघफाल्गुनांत करावा, ज्येष्ठांत नव्हे.

आणि रायवळ असेल तर करवत लावण्यापूर्वीं एक काम अवश्य करावें. कोयीपासून वाढलेला प्रत्येक रायवळ आपल्या जातीचा एकटाच असतो. ज्या आंब्याचें सासव घरांत तीन पिढ्या झालें, तो आंबा झाडाबरोबर कायमचा जातो. कोय कलमानें तो राखतां येतो. जून ते ऑगस्टपर्यंत, हवा दमट असतांना, कोयीचें तांबूस पानांचें कोंवळें रोप घ्यावें व त्यावर जुन्या झाडाच्या उन्हांतल्या बाजूची, डोळा फुगलेली तीनचार महिन्यांची काडी बांधावी. ज्यांस हात नाहीं त्यांनीं काड्या ओल्या फडक्यांत गुंडाळून त्याच दिवशीं रोपवाटिकेंत पोंचवाव्या. चारपांच कलमें तरी करावीं आणि त्यांतलीं दोन दुसऱ्याच्या वाडींत लावावयास द्यावीं, म्हणजे एका वादळांत सगळींच जाणार नाहींत.