किनारी प्रदेशात परिवर्तनीय एकदिश वीजपुरवठ्याची निवड

इलेक्ट्रॉनिकीचा छंद जडलेल्या व्यक्तीस सर्वांत आधी जी वस्तू लागते, ती म्हणजे इच्छेनुसार कमीअधिक करता येईल असा एकदिश विद्युत् दाब. एखाद्या मंडलास ३.३ व्होल्ट हवे असतात, दुसऱ्यास ५, तिसऱ्यास ९. पूर्वी यासाठी रोहित्र, डायोड आणि धारित्रे जुळवून हौशी मंडळी स्वतःच पेटी बांधीत असत. आता आगपेटीहून लहान असे तयार मोड्यूल अल्प किमतीत मिळते. त्याची निवड बहुधा त्यावर छापलेल्या आकड्यांवरून होते : इतके व्होल्ट, इतके अँपिअर. परंतु देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनारपट्टीवर या आकड्यांहून अधिक महत्त्वाचा असा एक प्रश्न आहे. तो म्हणजे, हे मोड्यूल बिघडेल तेव्हा त्याचा दाब खाली जाईल की वर?

परिवर्तनीय मोड्यूलांचे मुख्य प्रकार दोन. पहिला रेषीय नियामकाचा. १९७० नंतरच्या दशकात आलेला एल्एम् ३१७ हा त्याचा सर्वपरिचित प्रतिनिधी होय. जास्तीचा दाब तो स्वतःवर घेतो व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. १२ व्होल्टपासून ५ व्होल्ट करून अर्धा अँपिअर प्रवाह घेतल्यास ७ व्होल्ट गुणिले ०.५, म्हणजे ३.५ वॅट एवढी उष्णता नियामकातच निर्माण होते. उष्णता-विसर्जक पत्रा न लावल्यास नेहमीच्या आकाराच्या एल्एम् ३१७ चे तापमान दर वॅटमागे सुमारे ५० अंश सेल्सियसने चढते. त्यामुळे तो या कामात टिकू शकत नाही, स्वसंरक्षणार्थ बंद पडतो. वैशाखातील उकाड्यात, कौलाखालच्या माळ्यावर ठेवलेल्या बंद डब्यात, ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते.

दुसरा प्रकार स्विचिंग नियामकाचा. यात प्रवाह सेकंदास हजारो वेळा जोडला व तोडला जातो आणि तारेचे वेटोळे व धारित्र यांच्या साहाय्याने त्याची सरासरी साधली जाते. एल्एम् २५९६ या नियामकावर बांधलेली निळी तबकडी याच जातीची. वरच्याच उदाहरणात तिची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर २.५ वॅट पुरविण्यासाठी सुमारे ३.१ वॅट घेतले जातात आणि उष्णता जेमतेम ०.६ वॅट होते.

हा फरक केवळ उष्णतेचा नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले, तेव्हा सिंधुदुर्गात विजेचे खांब कोसळून अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली. अशा वेळी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी हाच आधार असतो. रेषीय नियामक तिच्यातून अर्धा अँपिअर ओढील, म्हणजे गणिताने ती १४ तास पुरेल. स्विचिंग नियामक ०.२६ अँपिअर ओढील, म्हणजे सुमारे २७ तास. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतील, पण त्यांचे परस्परप्रमाण तेच राहील. यास्तव पुरवठा बॅटरीवर चालणार असेल, तर स्विचिंग मोड्यूल घ्यावे; घरातील रोहित्रावर थोडासा प्रवाह हवा असेल आणि मंडल ध्वनी किंवा सूक्ष्म मापनाचे असेल, तर एल्एम् ३१७ अद्यापि उत्तम. स्विचिंगच्या तरंगांमुळे रेडिओत खरखर उमटते, याचे कारण सरळ आहे : १५० किलोहर्ट्झच्या पटी, म्हणजे ६००, ७५०, ९०० वगैरे, नेमक्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात येऊन पडतात.

छापील अँपिअरांविषयी थोडे सावध राहावे. एल्एम् २५९६ स्वतः ३ अँपिअरचा असला, तरी एवढ्याशा तबकडीवर दीड अँपिअरच्या पुढे त्याला सतत राबवू नये. स्वस्त तबकड्यांवर नाव एकाचे आणि आतील नियामक दुसराच, असाही प्रकार आढळतो. शिवाय हा नियामक दाब फक्त उतरवतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून स्थिर १२ व्होल्ट हवे असतील, तर तो उपयोगी नाही, कारण बॅटरीचा दाब ११ पासून १४ च्या वरपर्यंत हलत असतो. तेथे चढ-उतार दोन्ही करणारे मोड्यूल लागते. केवळ दाब चढविणाऱ्या मोड्यूलात बॅटरीपासून वेटोळे व डायोड यांतून थेट वाट खुली असते. बाहेर दोन तारा चिकटल्या, तर नियामक काहीच अडवू शकत नाही. फ्यूजवाचून ते वापरूच नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देवबागसारख्या गावात एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदी. वाऱ्याबरोबर येणारे क्षाराचे कण सर्व वस्तूंवर बसतात. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेस पाणी शोषून विरघळू लागते. परंतु समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड त्याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलावते. मृगापासून पुढे चार महिने या पातळीखाली हवा जात नाही. म्हणून तबकडीवर बसलेला थर कोरडा असा राहतच नाही. त्याचा पहिला बळी म्हणजे दाब बदलण्यासाठी पेचकसाने फिरवावयाचा प्रीसेट. त्यातील सरकता स्पर्श नाजूक असतो. त्यावर गंज चढला, की संपर्क सुटतो.

बहुतेक निळ्या तबकड्यांत हा १० किलोओमचा प्रीसेट निर्गम आणि नियामकाचे अभिप्राय-टोक यांच्यामध्ये असतो, आणि त्या टोकापासून ऋण बाजूपर्यंत ३३० ओमचा स्थिर रोधक. त्या टोकाशी १.२३ व्होल्ट राहतील, इतपत निर्गम दाब नियामक ठेवतो. स्पर्श सुटला, तर टोकाशी दाब पोहोचतच नाही. नियामकास वाटते की निर्गम शून्य आहे, आणि तो स्विच पूर्ण उघडा ठेवतो. परिणामी ५ व्होल्टच्या जागी बॅटरीचे जवळजवळ सगळे ११-१२ व्होल्ट पुढच्या मंडलावर जातात. एल्एम् ३१७ मध्ये प्रीसेट ऋण बाजूस असतो, तरी निष्पत्ती तीच : संपर्क सुटला की दाब वर. एखाद्या विद्यार्थ्याने महिनाभर खपून बांधलेला पर्जन्यमापक यामुळे एका क्षणात जळून जातो, आणि मोड्यूल मात्र शाबूत राहते.

उपाय सोपा आहे. प्रीसेटच्या वापरातील दोन टोकांवर १.२ किलोओमचा स्थिर रोधक समांतर डाखून घ्यावा. ५ व्होल्टसाठी एकूण रोध सुमारे १,०१० ओम लागतो. म्हणजे प्रीसेट ६.४ किलोओमच्या आसपास येतो, फिरविण्यास पुरेसा वाव राहतो. उद्या स्पर्श सुटला, तरी १,२०० ओम शिल्लक असतात आणि दाब १.२३ गुणिले ४.६४, म्हणजे ५.७ व्होल्टवर थांबतो. छंदी मंडळींच्या नेहमीच्या वापरातील एटीमेगा ३२८ या सूक्ष्म-नियंत्रकाची परम मर्यादा ६ व्होल्ट आहे, तेव्हा तो वाचतो. अर्थात तबकडी वेगळ्या बनावटीची असल्यास आधी मल्टिमीटरने ३३० ओमचा रोधक पडताळून पाहावा व गणित त्याप्रमाणे करावे. मोड्यूल निवडतानाच ज्याचे रोधक उघड्यावर आहेत व ज्याच्या खुणा वाचता येतात असे निवडले, तर हे काम सुकर होते. राळेत बुडविलेले देखणे मोड्यूल येथे गैरसोयीचे.

प्रवाहमर्यादेसाठी दुसरा प्रीसेट असलेली मोड्यूले, उदाहरणार्थ एक्स्एल् ४०१५ वर आधारलेली, प्रयोगाच्या टेबलावर अत्यंत उपयुक्त आहेत. नवे मंडल प्रथमच जोडताना मर्यादा ५० मिलिअँपिअरवर ठेवली, की चुकीच्या जोडणीने काही जळत नाही. मात्र त्यांनी लिथियम घट भारण्याचा मोह टाळावा. घटास ४.२ व्होल्टहून अधिक दाब मिळणे म्हणजे आगीस आमंत्रण, आणि येथे तो दाब एका गंजणाऱ्या स्पर्शावर अवलंबून आहे. त्या कामासाठी टीपी ४०५६ सारखा, ४.२ व्होल्ट आतच पक्के केलेला स्वतंत्र भारक घ्यावा.

दाब एकदा ठरला, की तबकडी साध्या पाण्याने भिजविलेल्या व घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून, उन्हात पूर्ण वाळवून तिच्यावर पारदर्शक वार्निश द्यावे. प्रीसेटवर आधी कागदी पट्टी चिकटवावी, नाहीतर वार्निश आत झिरपून जो दोष टाळावयाचा तोच ओढवतो. वापरात नसलेली मोड्यूले घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत. पावसाळ्यानंतर बरणीतून काढलेले मोड्यूल मंडलास जोडण्याआधी रिकामेच चालू करावे, प्रीसेट दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा फिरवावा, आणि मल्टिमीटरवरील आकडा फिरविताना मध्येच उसळी घेत नाही ना, हे पाहावे. घेत असेल, तर तो प्रीसेट बदलावा.