औटकी मोडीत का निघाली?

राहात्याच्या बाजारात साडेतीन क्विंटल कांद्याला क्विंटलमागे १८४० रुपये भाव मिळाला, तर पट्टीचा आकडा आज मोबाइल सांगतो. पंतोजींच्या शाळेत शिकलेल्याने तो औटकीने काढला असता: १८४०ची तिप्पट ५५२०, त्यात निम्मे ९२०, झाले ६४४०. औट म्हणजे साडेतीन. ‘औट घटकेचा राजा’ म्हणताना तो शब्द अजून तोंडात येतो. पाढा मात्र गेला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही त्याचीच भावंडे. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण गेला, १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, मग या अपूर्णांकांच्या पाढ्यांचे कामच काय उरले, असे सहसा सांगितले जाते. हे कारण मला पटत नाही. उलट दशमान पद्धतीत ते जास्त कामाचे ठरले असते. शंभराचा पाव पंचवीस, पाऊण पंचाहत्तर. म्हणून ३६ गुणिले ७५ म्हणजे छत्तिसाची पाऊणकी, सत्तावीस, आणि तितके शेकडे: २७००. सव्वाशेने गुणायचे तर सवायकी. ४८ सव्वा ६०, उत्तर ६०००. अडीचशेला अडीचकी, साडेतीनशेला औटकी. नवे काही शिकायचे नाही, फक्त शेवटी शेकडा लावायचा.

आता शिकवणी वर्गांत ‘वैदिक गणित’ विकले जाते. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९६५ साली निघाले, आणि त्यातली सूत्रे वेदांत सापडत नाहीत. ते सोडून देऊ. युक्ती चालते का, एवढेच पाहू. ९७ गुणिले ९६ करताना शंभराला कमी पडणारे ३ आणि ४ घेतले की ९३१२ चुटकीसरशी येतात. पण ६३ गुणिले ४८ घ्या. कमी पडतात ३७ आणि ५२. आता त्यांचाच गुणाकार करा! मूळ गणितापेक्षा हे अवघड. निमकीवाला ६३चे निम्मे साडेएकतीस, म्हणून पन्नासपट ३१५०, त्यातून दुप्पट १२६ वजा, ३०२४ असे सांगून मोकळा होतो. ही रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) आहेच: १३५ला १२ने गुणताना ते १२चे ८ आणि ४ करतात, ३ गुणिले ४ करतात, किंवा २०ने गुणून आठपट वजा करतात. कसेही केले तरी १६२०.

यावर रास्त आक्षेप घोकंपट्टीचा. तीसपर्यंतचे पाढे, वर ही सात भावंडे, हा भार पोराच्या माथी कशासाठी? मान्य, छडीच्या धाकाने घोकलेली औटकी व्यर्थच. पण पावकी म्हणजे निम्म्याचे निम्मे, आणि पाऊणकी म्हणजे पूर्णातून पाव वजा. हे कळल्यावर पाठांतर आपोआप हलके होते. दुसरा आक्षेप मराठी संख्यानामांचा. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतात, लिहिताना साठ आधी. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असे पर्यायी वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणिततज्ज्ञ मंगला नारळीकरांनी मांडलेली मुलांची अडचण मात्र खरीच होती. तोंडी हिशेबात मोठे स्थान आधी हाती येणे सोयीचे असते. राहिला इलेक्ट्रॉनिक काटा आणि मोबाइल: ते असताना तोंडी हिशेब कशाला? काट्यावर दर चुकीचा टाकला, तर काटा चुकीचीच रक्कम बिनचूक दाखवतो. साडेतीन क्विंटलच्या पट्टीवर ६४४०ऐवजी ४६४० दिसले, तर ते पट्टी हातात असतानाच खटकायला हवे. त्यासाठी १८४०ची तिप्पट पाच हजारांच्या वर जाते, एवढे ठाऊक असले तरी पुरते.